परवानगी कोण मागतंय?

नाटकाचं परीक्षण लिहिलं जातं, पुस्तकाचं लिहिलं जातं, हल्ली तर मिसळ कुठे चांगली मिळते यावरही हिरिरीने लिहिलं जातं. पण रोज कितीदा तरी डोळ्यांसमोर उघडणाऱ्या एका छोट्या चौकटीचं परीक्षण कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. तुम्ही एखाद्या बातमीवर टिचकी मारता, पान उघडतं, आणि वर डाव्या कोपऱ्यात, पत्त्याच्या पट्टीखाली, एक पांढरी चौकट लोंबू लागते. त्यात साइटचं नाव, एक घंटेचं चित्र, 'सूचना दाखवायच्या आहेत' अशा अर्थाची ओळ आणि दोन बटणं. घंटेच्या जागी कधी कॅमेरा असतो, कधी मायक्रोफोन, कधी नकाशावरची टाचणी. आपण ती वाचत नाही. ती वाटेतून दूर व्हावी म्हणून हाताला येईल ते बटण दाबतो आणि बातमी वाचायला लागतो.

या चौकटीकडे दोन कामं आहेत. एक, प्रश्न विचारणं. दुसरं, हा प्रश्न ब्राउझरच विचारतोय, पानावरच्या कुणा सोंगाड्याने रंगवलेला नाही, याची खूण पटवणं. पहिलं काम ती बऱ्यापैकी करते. दुसऱ्या कामाबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती जरा सविस्तर मांडण्यासारखी आहे, कारण या दुसऱ्या कामावर कुणाचा तरी कॅमेरा, कुणाचा तरी पत्ता आणि कुणाच्या तरी आईवडिलांची रात्रीची झोप अवलंबून असते.

आधी अडचण समजून घेऊ. वेबपानाला ब्राउझर एक आयत देतो आणि सांगतो, या आयतात तू काय वाट्टेल ते काढ. पान तिथे घोडा काढू शकतं, आणि हुबेहूब ब्राउझरसारखी दिसणारी चौकटही काढू शकतं: तोच फाँट, तीच गोलाई, तीच सावली. ब्राउझर कोणता, संगणक विंडोजचा की मॅक, हे पानाला कळतंच, त्यामुळे वेष कुणाचा घ्यायचा हेही ठाऊक असतं. मग अस्सल चौकटीची ओळख काय? तर जागा. पान ज्या आयतात कोंडलेलं आहे त्याच्या बाहेर ते काही काढू शकत नाही.

२०१७ च्या जानेवारीत एरिक लॉरेन्स यांनी या सीमेवर एक छान टिपण लिहिलं. ते तेव्हा क्रोमच्या सुरक्षेवर काम करत होते. पत्त्याची पट्टी आणि पान यांच्यामधल्या आडव्या रेषेला त्यांनी 'लाइन ऑफ डेथ' म्हटलं, म्हणजे मृत्युरेषा. रेषेच्या वर जे दिसतं ते ब्राउझरचं, त्यावर भरवसा ठेवावा. खाली दिसेल ते परक्याचं. टिपणाचं मोल असं की ही रेषा जन्मतःच किती भोकं पडलेली आहे हे त्यांनीच दाखवून दिलं. रेषेच्या वरही पानाचं नाव आणि पानाने दिलेलं चिमुकलं चित्र असतंच, म्हणजे भरवशाच्या मुलखात परक्याची माणसं आधीच बसलेली आहेत. आणि खाली, पानाच्या आयतात, पान अख्खा नवा ब्राउझरच रंगवू शकतं, त्याची स्वतःची पट्टी, स्वतःची रेषा यांच्यासकट.

हे काही नवं नाही. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये मायक्रोसॉफ्टने उसळी मारून येणाऱ्या खिडक्यांना वेसण घातली आणि इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पानाच्या माथ्यावर एक पिवळसर पट्टी आणली: साइट काही उतरवून घेऊ पाहत असेल, तर परवानगी या पट्टीवर मागायची. कल्पना सभ्य होती, पट्टी अंगावर येत नव्हती. पण ती पानाला इतकी खेटून होती की लवकरच जाहिरातवाल्यांनी पानाच्या माथ्यावर तश्शाच पिवळ्या पट्ट्या रंगवायला घेतल्या. क्रोमनेही बरीच वर्षं अशीच आडवी पट्टी वापरली, मग लोंबती चौकट आणली, मग पत्त्याच्या पट्टीतच एक लहानशी गोळी. दिशा बरोबर आहे: प्रश्न हळूहळू रेषेच्या वर सरकतोय. पण चौकट अस्सल असल्याचा पुरावा काय, तर तिची वरची कड पट्टीला चार-दोन पिक्सेल झाकते. एवढंच. कागदपत्रावर शिक्का नाही, सही नाही, फक्त कागद टेबलाच्या कडेबाहेर किंचित आलाय, म्हणून तो सरकारी समजायचा!

आपल्याकडे दारावर बहुरूपी यायचे. कधी पोलिसाचा वेष, हातात दंडुका, तोंडात वॉरंटची भाषा. लहान पोरं घाबरायची, मोठी माणसं हसून पैसे द्यायची. बहुरूप्याच्या सोंगात एक सचोटी असते. सोंग थोडं जास्तच रंगवलेलं असतं, आणि शेवटी तो हात पुढे करून स्वतःच ओळख देतो. वेबवरच्या सोंगाला ही सचोटी नाही, आणि ओळखण्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे घरमालकावर टाकलेली आहे.

घरमालकाला ते जमतं का? मी ज्या विषयात पोस्टडॉक करते त्याच्याशी हा प्रश्न लागून आहे, आणि या विषयातले जुने अभ्यास अजूनही अस्वस्थ करतात. २००६ साली धमीजा, टायगर आणि हर्स्ट यांनी २२ जणांना खऱ्या-खोट्या साइट ओळखायला दिल्या. सगळ्यात सफाईदार बनावट साइटने ९० टक्के लोकांना फसवलं, आणि २३ टक्के लोकांनी पत्त्याच्या पट्टीसारख्या ब्राउझरच्या खुणांकडे पाहिलंच नाही. पुढच्या वर्षी जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २७ जणांवर नेमका तो 'ब्राउझरच्या पोटात ब्राउझर' हा प्रकार तपासला. त्यातला एक निष्कर्ष मला कायम टोचतो: ज्यांना आधी मदतीचं पान वाचायला दिलं होतं, त्यांचा कल खऱ्या आणि खोट्या दोन्ही साइटना अस्सल ठरवण्याकडे जास्त झाला. शिकवल्याने नजर तीक्ष्ण होण्याऐवजी भरवसा वाढला. त्याच वर्षी शेक्टर आणि सहकाऱ्यांनी बँकेच्या ग्राहकांना त्यांनी स्वतः निवडलेलं ओळखचित्र नसलेलं पान दाखवलं. स्वतःचं खरं खातं वापरणाऱ्या २५ पैकी २३ जणांनी तरीही पासवर्ड टाकला.

हे अभ्यास लहान आहेत आणि प्रयोगशाळेतले आहेत. तिथे समोर संशोधक बसलेला असतो, त्यामुळे काही बिघडणार नाही असं लोकांना वाटतं, हा आक्षेप रास्त आहे. पण तिन्हींचा रोख एकीकडेच आहे. वेगळं काही *दिसलं* तर माणूस थबकतो. नेहमीचं काही *दिसलं नाही* तर त्याच्या लक्षातही येत नाही. गर्दीच्या गाडीत कोण चढलं नाही हे कुणी पाहत नसतं. मग ज्या रचनेत 'चौकटीची कड पट्टीवर आलेली नाही' हीच धोक्याची खूण आहे, ती रचना बेतणाऱ्याने माणूस कसा बघतो याकडे पाठ फिरवली आहे असंच म्हणावं लागतं.

इथे एक प्रश्न विचारायला हवा, जो या विषयावरच्या लिखाणात बऱ्याचदा सुटून जातो. खोट्या चौकटीला मिळतं काय? पासवर्ड मागणारी खोटी खिडकी पासवर्ड चोरते, ते उघड आहे. पण पानाने रंगवलेल्या 'कॅमेरा वापरू द्या' या बटणावर तुम्ही टिचकी मारली, तर कॅमेरा सुरू होत नाही. परवानगी ब्राउझरच्या वहीत लिहिली जाते आणि ती वही पानाच्या हाती नाही. रंगवलेल्या बटणातून पानाला फक्त एक गोष्ट मिळते: टिचकी. आणि वेबवर टिचकी हे चलन आहे. तुम्ही पानावर कुठेही टिचकी मारलीत की ब्राउझर समजतो, माणूस इथे राजीखुशीने काहीतरी करतोय. मग नवी खिडकी उघडता येते, पान पूर्ण पडदाभर पसरता येतं, आवाजासकट व्हिडिओ सुरू करता येतो, आणि खरीखुरी परवानगीची चौकट वर आणता येते. खोट्या चौकटीत 'नको' हे बटण दाबलं तरी ती टिचकीच असते. नकाराचेही पैसे दुकानदाराच्याच गल्ल्यात.

या हिशेबामुळेच मला जास्त राग भामट्यांपेक्षा सभ्य साइटांचा येतो. खऱ्या चौकटीत तुम्ही एकदा 'ब्लॉक करा' म्हटलंत की साइटला पुन्हा विचारता येत नाही. म्हणून नामांकित वर्तमानपत्रं, दुकानं, प्रवासाच्या साइट आधी स्वतःची नकली चौकट दाखवतात: 'ताज्या बातम्या पाठवू का? हो / नंतर'. तुम्ही 'नंतर' म्हटलंत तर त्यांचं काही बिघडत नाही, उद्या परत विचारतील. 'हो' म्हटलंत तर मगच अस्सल चौकट. या पद्धतीची शिफारस जाणकारही करतात, आणि कारण पटण्यासारखं असतं: आधी का विचारतोय ते सांगा, मग विचारा. पण सौजन्य म्हणून मांडलेल्या या रिवाजाने करोडो लोकांच्या डोळ्यांना एक सवय लावली. ब्राउझरसारखी दिसणारी चौकट पानाच्या आत असणं यात वावगं काही नाही, ही ती सवय. भामट्याला वेगळी मेहनत करावी लागली नाही, शाळा आधीच भरलेली होती.

आम्ही युरोपात राहणारे तर या शाळेत दुबार शिकतो. २०१८ मध्ये जीडीपीआर लागू झाल्यापासून प्रत्येक पानावर कुकींची संमती मागणारा फलक येतो. हा फलक परवानगीसारखा दिसतो, परवानगीची भाषा बोलतो, कायदेशीर संमतीही त्याच्यावरच ठरते. आणि तो सगळाच्या सगळा पानाने रंगवलेला असतो, रेषेच्या खाली. २०२० च्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या १०,००० आघाडीच्या साइट चाळून, पाच लोकप्रिय पुरवठादारांचे फलक तपासले गेले. कायद्याच्या किमान अटी पाळणारे त्यात ११.८ टक्के निघाले. नागरिकाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याने नागरिकाला रोज शंभर खोट्या चौकटींवर 'मान्य' म्हणायचा सराव दिला, याला काय म्हणावं! परवानगी मागायचं काम कायद्याने ब्राउझरकडे सोपवलं असतं तर रेषेला काही अर्थ उरला असता.

आता ब्राउझरवाल्यांनी केलेल्या चांगल्या गोष्टींकडे येते, कारण त्याही आहेत, आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी वापरणाऱ्याच्या नजरेकडून काहीच मागत नाहीत.

माझी सर्वात लाडकी जुनी आहे. २००४ साली जेसी रुडरमन यांनी एक हल्ला दाखवला होता. पान तुम्हाला सांगतं, माणूस असल्याची खात्री म्हणून या चौकोनात इंग्रजी 'ओन्ली' हा शब्द टाइप करा. त्यातल्या 'एन' या अक्षराला पान गुपचूप एक प्रोग्रॅम बसवायची विनंती करतं, अस्सल चौकट उघडते, आणि तुमचं बोट थांबायच्या आत शेवटचं 'वाय' दाबलं जातं, जे त्या चौकटीत 'येस' असतं. इथे चौकट खरी, माणूस सावध, तरी फसगत पक्की. यावरचा उपाय म्हणून फायरफॉक्सच्या चौकटीतलं बटण उघडल्यावर काही क्षण निर्जीव राहायचं. लोक वैतागायचे, त्यांना वाटायचं आपल्याला वाचायला लावण्यासाठी हा मास्तरकीचा प्रकार आहे. प्रत्यक्षात तो वेळ डोळ्यांसाठी कमी आणि बोटांसाठी जास्त होता. कुणाला काही ओळखावं लागलं नाही, आणि हल्ल्याची एक आख्खी जात निकामी झाली.

दुसरी गोष्ट सूचनांची. फायरफॉक्सने २०१९ मध्ये आपलेच आकडे जाहीर केले: ६३ व्या आवृत्तीच्या एका महिन्यात सूचनांची परवानगी मागणाऱ्या १४५ कोटी चौकटी दाखवल्या गेल्या, त्यातल्या सुमारे २ कोटी ३६ लाख स्वीकारल्या गेल्या. एका होकारामागे साठ नकार किंवा दुर्लक्ष. जगातला कुठलाही फेरीवाला या विक्रीवर दुसऱ्याच दिवशी धंदा बदलेल. २०२० च्या जानेवारीत आलेल्या ७२ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने, वापरणाऱ्याने पानावर काही केल्याशिवाय चौकट उघडायची नाही, पट्टीत फक्त एक छोटं चिन्ह दाखवायचं, असं ठरवलं. क्रोमनेही त्याच सुमारास गप्प राहणारी चौकट आणली आणि त्रासदायक ठरलेल्या साइटना ती सक्तीची केली. अस्सल प्रश्न दुर्मिळ झाला की त्याला वजन येतं, आणि पानातून ओरडणारी नकली चौकट आपोआप वेगळी दिसू लागते. गर्दी कमी करणं हीच ओळख पटवायची रीत ठरली. फक्त पुन्हा तीच टिचकीची मेख: 'पानावर काही केल्याशिवाय' या अटीत नकली चौकटीवरची टिचकीही बसते.

आणि कुलूप. ते पत्त्याच्या पट्टीतलं लाडकं कुलूप क्रोमने २०२३ मध्ये ११७ व्या आवृत्तीत काढून टाकलं. २०२१ च्या त्यांच्या अभ्यासात कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला होता. बाकीच्यांना वाटायचं, कुलूप म्हणजे साइट भरवशाची. ते फक्त वाटेतल्या वाहतुकीबद्दल बोलत होतं, पलीकडे बसलेला माणूस कोण याबद्दल नाही. त्या काढण्यावर बरीच हळहळ झाली, पण माझ्या मते ती गेल्या दहा वर्षांतली ब्राउझरमधली सर्वात प्रामाणिक कृती होती. खोटा धीर देणारी खूण असण्यापेक्षा खूण नसलेली बरी.

पण ही सगळी चर्चा रेषेच्या भोवती फिरते, आणि सध्याचा धंदा रेषा ओलांडतच नाही. पानावर रोबोटचं चित्र, खाली ठळक अक्षरात 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा', आणि एक मोठा बाण वर डावीकडे, अगदी जिथे अस्सल चौकट उघडते त्या जागेकडे. चौकट खरी. जागा खरी. साइटचं नावही खरं. खोटं आहे ते फक्त तिच्याभोवतीचं बोलणं. लक्ष्मणरेषेची गोष्ट आपण 'मर्यादा ओलांडू नये' म्हणून सांगत आलो. (वाल्मीकींच्या रामायणात ती रेषा नाही, पण ते असो.) मला त्यात रचनेचा धडा दिसतो: रेषा शेवटपर्यंत शाबूत होती. रावणाने ती तोडली नाही. त्याने भिक्षेकऱ्याच्या वेषात पलीकडे उभं राहून आतल्या माणसाला बाहेर यायला सांगितलं. आतल्या माणसाचा धर्म, सवय आणि सभ्यता यांचा त्याने वापर केला. रेषा कितीही ठळक काढली तरी या हल्ल्यावर तिचा उपयोग नव्हता.

'अलाउ' दाबल्यावर जे सुरू होतं ते आपल्यापैकी अनेकांनी भारतातल्या घरी फोन केल्यावर ऐकलं असेल. 'अगं, फोनमध्ये व्हायरस आलाय, दर दहा मिनिटांनी सांगतोय.' माझ्या एका मावशीच्या फोनवर असं तीन आठवडे चाललं होतं. व्हिडिओ कॉलवर तिने दुसऱ्या फोनचा कॅमेरा पहिल्यावर धरला तेव्हा कळलं, की व्हायरस वगैरे काही नाही, एका सिनेमाच्या साइटला सूचनांची परवानगी दिली गेली होती. अँड्रॉइडवर ही सूचना बँकेच्या, व्हॉट्सअ‍ॅपच्या सूचनांच्याच रांगेत येते. मथळा, मजकूर आणि चित्र साइटच्या मर्जीचं. साइटचं खरं नाव मात्र बारीक करड्या अक्षरांत. म्हणजे परवानगीच्या चौकटीत जी काळजी घेतली, ती परवानगी वापरली जाते त्या जागी सोडून दिली. २०२४ मध्ये क्रोमने सूचनेवरच थेट 'बंद करा' अशा अर्थाचं बटण द्यायला सुरुवात केली, आधी पिक्सेल फोनवर. हे दहा वर्षं आधी करता आलं नसतं असं मला वाटत नाही.

फोनवर तर रेषाच नाही. पान खाली सरकवलं की पत्त्याची पट्टी वर निघून जाते, वाचायला जागा मिळावी म्हणून. २०१९ मध्ये जिम फिशर यांनी दाखवलं, की पट्टी गेली की पान स्वतःची पट्टी रंगवू शकतं, तिच्यावर एचएसबीसी बँकेचा पत्ता लिहू शकतं, आणि तुम्ही परत वर सरकवलंत तरी खरी पट्टी येऊच नये अशी सोय करू शकतं. परवानगीची चौकट फोनच्या पडद्यावर मधोमध येते, मागचं पान अंधुक करून. पानही स्वतःला अंधुक करून मधोमध चौकट काढू शकतंच. संगणकावर निदान एक देशी चाचणी आहे: संशयास्पद छोटी खिडकी धरून ब्राउझरच्या बाहेर ओढून पाहावी. रंगवलेली असेल तर कडेला अडकते. फोनवर ओढायला बाहेरच नाही. आणि भारतात इंटरनेट म्हणजे बहुतेकांसाठी फोनच. रेषेवर उभारलेला सगळा विचार ज्या यंत्रावर सर्वात कमी लागू पडतो, त्याच यंत्रावर सर्वात जास्त नवखी माणसं आहेत.

मराठी वाचकाला इथे एक शंका येईल: ब्राउझर मराठीत लावला तर? अस्सल चौकट ब्राउझरच्या भाषेत येते, पानाच्या भाषेत नाही. माझ्या लॅपटॉपवर जर्मन वर्तमानपत्र उघडलं तरी चौकट 'अनुमती द्या' असंच म्हणते. जर्मन पानात जर्मन चौकट दिसली की लगेच कळतं, ही तिची नव्हे. धमीजा आणि टायगर यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या 'डायनॅमिक सिक्युरिटी स्किन्स' या कल्पनेचंच हे गरिबाघरचं रूप: भरवशाची खिडकी प्रत्येकाची वेगळी दिसावी, म्हणजे परक्याला नक्कल करता येणार नाही. गंमत अशी, की भाषा हे गुपित नाही. ब्राउझर प्रत्येक साइटला स्वतःहून सांगतो की या माणसाला मराठी चालेल. ठरवलं तर भामटा मराठी चौकटही रंगवील. आज तो तसं करत नाही, कारण मराठीत ब्राउझर लावणारे थोडे आहेत. आपली सुरक्षितता आपल्या अल्पसंख्य असण्यावर टिकून आहे, हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. त्यापेक्षा ब्राउझरला भडक रंगाची थीम लावणं बरं. ती कुठली आहे हे पानाला कळत नाही. पण वर सांगितलेलं ओळखचित्र आठवा: वेगळेपण नाहीसं झालं तर ते दिसतंच असं नाही.

मराठी चौकटीच्या भाषेवरही दोन शब्द. 'परवानगी' हा शब्द प्रत्येक मराठी पोराला शाळेपासून माहीत असतो. चौकटीत मात्र 'अनुमती', जी फक्त निवेदनांत आणि राजपत्रांत राहते. ज्या मजकुरावर क्षणभर थांबून विचार व्हावा असं वाटतं, तोच परका करून ठेवला तर नजर त्यावरून घसरते. आणि साइटचं नाव रोमन अक्षरांत, देवनागरी ओळीच्या सुरुवातीला. वाक्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे कोण मागतंय, मराठी वाचणारी नजर तीच ओलांडून पुढे जाते.

यातून बाहेर पडायची वाट कुठल्या बाजूला आहे? बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याचा फोन आला तर आपण आईला काय सांगतो? फोन ठेव, आणि कार्डाच्या मागचा नंबर तू स्वतः लाव. आवाज ओळखायला सांगत नाही. विंडोज एनटीने हीच गोष्ट कंट्रोल, ऑल्ट, डिलीट या तीन कळांनी केली होती: त्या कळा दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला पकडता येत नाहीत, म्हणून त्या दाबल्यावर येणारा पडदा अस्सलच. आरंभ माणसाने केला, तर समोरच्याला ओळख पटवायची गरज उरत नाही.

क्रोमने २०२४ मध्ये चाचणीला काढलेला परवानगीचा घटक या वाटेवरचा आहे. साइट आपल्या पानात एक बटण ठेवते, पण ते ब्राउझर काढतो. त्यावरचे शब्द ब्राउझरचे, ब्राउझरच्या भाषेत. साइटला रंग आणि आकार ठरावीक मर्यादेतच बदलता येतो. बटण झाकलेलं असेल किंवा नुकतंच हललं असेल तर ते टिचकी मानत नाही. नकाशाच्या शेजारचं 'माझं ठिकाण वापरा' तुम्ही स्वतः दाबता, मग पान अंधुक होतं आणि ब्राउझर खातरजमा करतो. यावर आक्षेप असा की भरवशाची वस्तू रेषेच्या खाली आणली, आता तिची नक्कल करणं सोपंच. नक्कल होईल, नक्की होईल. पण नकली बटणाच्या पदरात पडतं काय? तीच एक टिचकी, जी कुठल्याही साध्या बटणातून मिळतेच. मी या रचनेच्या बाजूची आहे. फक्त ती रोबोटच्या बाणावरचा इलाज नाही. बाण काढणारा नव्या बटणाकडेही बाण काढील. कॅमेरा किंवा नकाशा मागण्यामागे पानावर काहीतरी कारण दिसतं, ते कारण खोटं ठरवणं माणसाला जमू शकतं. सूचनांमागे असं दिसणारं कारण नसतंच, म्हणून सगळा बाजार तिथेच भरतो.

सूचनांच्या बाबतीत म्हणून माझं मत टोकाचं आहे: नव्या फोनवर ब्राउझरमधून सूचना मागणं मुळातच बंद असावं, ज्याला हवं त्याने सुरू करावं. तसं होईपर्यंत, पुढच्या भारतवारीत घरच्यांच्या फोनवर ते हाताने बंद करता येतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग सूचना. तिथे आधी दिलेल्या परवानग्यांची यादीही असते. मावशीच्या यादीत एकोणीस नावं होती, आणि त्यातलं एकही तिला वाचून ओळखता आलं नाही.